सोमवारची पोटदुखी

"ताई, ओवा आहे का हो घरात? याचं पोट परत दुखायला लागलंय."

२०२२ सालचा जून महिना. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळचे साडेनऊ-दहा वाजले की शेजारच्या वहिनी आमच्या दारात हजर. कधी ओवा, कधी हिंग, कधी लिंबू. त्यांचा मुलगा आठवीत. आंघोळ, गणवेश, डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी, सगळं वेळेवर व्हायचं. पायात बूट घालायची वेळ आली की स्वारी पोट धरून खाली बसायची. अकराची शाळा. साडेअकरा वाजले की पोट थांबायचं. दुपारी हे लेकरू अंगणात मांजरीच्या पिल्लांशी खेळताना दिसायचं. शनिवारी अर्धी शाळा, तेव्हा पोट निम्मं दुखायचं. रविवारी अजिबात नाही. आणि सोमवारी मात्र विचारू नका!

गावातल्या डॉक्टरांकडे झालं. जंताचं औषध झालं. मूतखडा असेल म्हणून सोनोग्राफी झाली. वहिनी ब्लाऊज शिवतात, पिको-फॉल करतात. त्या महिन्यातली त्यांची सगळी कमाई त्या एका रिपोर्टात गेली आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला. नॉर्मल आला म्हणून घरात आनंद व्हावा, तर उलट मुलाची कंबख्ती ओढवली. कारण आता सगळ्यांची खात्री पटली, की पोरगा नाटकं करतोय.

आणि मैत्रिणींनो, ही खात्री पटवणाऱ्यांत मी पुढे होते. मी पंधरा वर्षं बचत गटाचं काम करते, महिला मंडळात बोलते, लोकांच्या घरची भांडणं सोडवते. गल्लीत माझ्या शब्दाला थोडा मान आहे. वहिनींनी विचारलं, "ताई, काय करू?" मी बेधडक सांगितलं, "लाड बंद करा. त्याच्या वडिलांना सांगा, धरून नेऊन सोडा. दोन दिवसांत सुतासारखा सरळ येईल."

वडिलांचा छोटा हत्ती आहे, भाड्याने चालवतात. त्यांनी पुढच्या सोमवारी मुलाला गाडीत घातलं आणि शाळेच्या फाटकासमोर उतरवलं. मुलानं तिथंच, सगळ्या पोरांच्या देखत उलटी केली. वडिलांनी सगळ्यांच्या देखत कानफटात लगावली. त्या दिवसानंतर तो बूट घालायचाच थांबला. मग खोलीबाहेर यायचा थांबला. जुलै संपेपर्यंत तो रात्री जागा आणि दिवसा झोपलेला असायचा. माझा सल्ला हा असा कामाला आला.

ही जुनी गोष्ट आज लिहायला बसले, त्याला एक कारण आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणमला 'नीट'ची तयारी करणारी सतरा वर्षांची एक मुलगी २०२३ साली गेली. तिच्या वडिलांनी तपासासाठी कोर्टाची पायरी चढली. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठानं तपास सीबीआयकडे दिला आणि त्याच निकालात देशभरच्या शाळा, कॉलेजं, क्लासेस, वसतिगृहं अशा सगळ्यांसाठी पंधरा सूचना घालून दिल्या. कायदा होईपर्यंत त्या पाळायच्या आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी कायमचा संबंध जोडलेला हवा. शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. मदतीचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावायला हवेत. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं, हे होईल तितकं टाळायला हवं.

हे सगळं पेपरात वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते शाळेचं फाटक.

मुळात शाळेत न जाणं हे एकाच प्रकारचं नसतं, हे मला त्या वर्षी कळलं. दांडी मारणारा मुलगा दप्तर घेऊन घरातून निघतो आणि कॅनॉलवर नाही तर पानटपरीवर सापडतो. तो घरच्यांना फसवतो, पण त्याचा जीव मजेत असतो. दुसऱ्या प्रकारातलं मूल कुठंच जात नाही. ते घरात, आईच्या डोळ्यांसमोर असतं. बहुतेक वेळा स्वभावानं गुणी, घाबरट, अक्षर नीट काढणारं असतं. त्याला जायचं असतं, पण जाववत नाही. पहिल्या प्रकाराला आपल्याकडे दांडी, बुट्टी असे चांगले शब्द आहेत. दुसऱ्याला आपल्याकडे शब्दच नाही, म्हणून आपण त्याला 'नाटकं' म्हणतो. डॉक्टरी पुस्तकांत मात्र हा प्रकार १९४१ पासून नोंदलेला आहे. आणि त्यातली पोटदुखी खोटी नसते. परीक्षेच्या दिवशी आपल्या पोटात गोळा येतो, तो सोनोग्राफीत दिसतो का? मग तो गोळा रोज सकाळी येणाऱ्या मुलाचं काय होत असेल!

मानसोपचारवाल्यांनी मला आणखी एक गोष्ट समजावली, ती सगळ्यांत उपयोगी. मूल घाबरतं, घरी थांबतं, घरी थांबलं की पोट थांबतं. मनाला कळतं, की घरी थांबणं हेच औषध. दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. म्हणजे मारून पाठवलं तरी नुकसान आणि 'राहू दे बाळा, बरं वाटलं की जा' म्हणत महिनाभर ठेवून घेतलं तरी नुकसानच. आपल्याकडे बाप पहिलं करतो आणि आई दुसरं, आणि दोघंही एकमेकांना दोष देतात.

आता या मुलाचं नेमकं काय झालं होतं? थोडं मागं जावं लागेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो पाचवीत होता. परीक्षा न देता सहावीत गेला. सहावी जवळजवळ सगळी मोबाइलवर, आणि मोबाइल वडिलांचा, म्हणजे गाडीबरोबर फिरतीवर! पुढे शाळा उघडत-मिटत राहिल्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले, शहरांत आठवीपासून पुढचे. मग जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप. त्यातच एसटीचा संप. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला तो संप एप्रिल उजाडेपर्यंत चालला आणि वाड्यावस्त्यांवरची पोरं शाळा उघडी असूनही घरीच बसली. हे सगळं संपलं आणि जून २०२२ मध्ये सगळेजण 'चला, झालं एकदाचं' म्हणून मोकळे झाले. पाचवीतनं उचललेलं मूल आठवीच्या बाकावर नेऊन बसवलं. मधल्या दोन वर्षांचं काय झालं, हे त्याला कोणी विचारलं नाही.

इंग्रजीच्या तासाला सरांनी धडा मोठ्यानं वाचायला सांगितला. पहिल्या ओळीला तो अडला. सर हसत हसत म्हणाले, "हा आमचा लॉकडाऊनचा माल!" वर्ग हसला. झालं! त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'लॉकडाऊन'. मधल्या सुट्टीत लॉकडाऊन, कबड्डीत लॉकडाऊन, मुलींच्या रांगेसमोर लॉकडाऊन. हे त्यानं घरी सांगितलं नाही. मलाही ऑगस्टमध्ये कळलं, ते त्याच्या वर्गातल्या एका मुलीकडून.

मी तणतणत शाळेत गेले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, त्याचं कलम १७ मुलाला मारायलाही बंदी करतं आणि मानसिक छळालाही. हे मी पाठ करून गेले होते. पण सर भेटले आणि माझा पाय मागं आला. वर्गात बहात्तर मुलं, हातात मतदार याद्यांचं काम, स्वतःची मुलगी बारावीला. मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले. "मला तर आठवतसुद्धा नाही हो मी असं बोलल्याचं," म्हणाले. खरं बोलत होते. बोलणाऱ्याला कुठं आठवतं!

म्हणून मला शंभर मुलं असतील तिथं निदान एक समुपदेशक ही सूचना वाचून आनंदही होतो आणि हसूही येतं. आमच्या गावातल्या ज्या चार शाळांत माझं जाणं-येणं आहे, तिथं समुपदेशक म्हणजे एखाद्या बाई, ज्यांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय. त्याच पोषण आहाराच्या नोंदी ठेवतात, त्याच शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, आणि उरलेल्या वेळात त्यांनी मुलांची मनं सांभाळायची. शिवाय त्या वर्गावर शिकवतात आणि गुणही देतात. गुण देणाऱ्या बाईंना कोणतं मूल मनातलं सांगेल? कोर्टानं शब्द वापरलाय तो 'प्रशिक्षित'. त्या शब्दाला वेतनाची तरतूद लागते. ती कोण करणार, हा प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत विचारायला हवा. या समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांच्या असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. आपल्यापैकी किती जणी तिथं फक्त सही करायला जातो, ते ज्याचं त्यानं मनाशी पाहावं.

आकडे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यांतले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. आपलं राज्य मोठं आहे, नोंदी नीट होतात, म्हणून आकडा मोठा दिसतो, असं काही जण म्हणतील. असेलही. पण सरासरी काढली तर रोज जवळजवळ पाच मुलं होतात. आणि आधीच्या पायरीवरची मुलं तर मोजलीच जात नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये जी राष्ट्रीय पाहणी केली, तिच्यात १३ ते १७ वर्षांच्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक त्रास आढळला. साठच्या वर्गात चार-पाच जण झाले. गंमत म्हणजे त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता! हजेरीपटावर या मुलांसाठी वेगळी खूण नाही. तिथं एवढंच, हजर किंवा गैरहजर. दहावी-बारावीत गेलं की पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम आणि घरी येणारं पत्र.

बारावीचं नाव निघालंच आहे म्हणून जाता जाता सांगते. आमच्या भागातली कितीतरी मुलं नावाला इथल्या ज्युनिअर कॉलेजात आणि प्रत्यक्षात लातूरला नाही तर कोट्याला असतात. त्यांची हजेरी मात्र इथं पूर्ण भरते. एका मुलाला पोटात दुखतं म्हणून गैरहजर लिहायचं आणि दुसरा तीनशे मैलांवर खोलीत एकटा रडत असला तरी त्याला हजर लिहायचं, असा हा आपला हिशेब. असो. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मला जास्त काळजी वाटते ती मुलींची. मुलगा शाळेत जायचं नाही म्हणाला की घरात भांडण होतं. मुलगी म्हणाली की घरात शांतता होते. आजी म्हणते, "बरंय, चुलीपाशी मदत होईल." कोणी ओवा मागायला येत नाही, सोनोग्राफी तर दूरच. शाळेत पाणी नसलेलं संडास, पाळीचे चार दिवस, एसटी स्टँडवर रोज मागून येणारा कोणी, नाही तर आतून नुसतीच दाटून येणारी भीती. कारण काहीही असो, मुलगी ते सांगत नाही. कारण तिला ठाऊक असतं, की स्टँडवरच्या पोराचं नाव घेतलं तर पोराचं काही होणार नाही, आपली शाळा बंद होईल. आणि शाळा बंद झाली की पाहुणे यायला किती वेळ लागतो? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचांतली एक! यांतल्या किती जणींची गोष्ट 'मला शाळेत जायचं नाही' या वाक्यापासून सुरू झाली असेल, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

कधी कधी भीती शाळेची नसतेच. आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी तिसरीत होती. शाळेच्या दारात आईचा पदर सोडायची नाही. बाईंना वाटलं लाडावली आहे. एके दिवशी ती मला म्हणाली, "मी शाळेत गेले की पप्पा आईला मारतात." ते लेकरू शाळेला घाबरत नव्हतं, ते घराचा पहारा करत होतं. तिथं उपचार मुलीवर नव्हे, बापावर करायचे होते.

तर आमच्या शेजारच्या मुलाचं पुढं काय झालं? मीच वहिनींना घेऊन सोलापूरच्या सिव्हिलला गेले. 'वेड्याच्या डॉक्टरकडं' नेलं म्हणून सासूबाई माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. केसपेपर काढला, रांगेत बसलो. डॉक्टर तरुण होत्या. आम्हाला बाहेर बसवून मुलाशी अर्धा तास एकटीनं बोलल्या. मग आम्हाला आत घेऊन म्हणाल्या, की गोळ्यांची आत्ता गरज दिसत नाही, पण शाळेची मदत लागेल. वाचताना अडतोय तो दोन वर्षं बुडाल्यामुळे की मुळात अध्ययन अक्षमता आहे, तेही त्यांनी तपासायला लावलं. (ती निघाली असती तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, हे अनेक पालकांना माहीतच नसतं. या मुलाची निघाली नाही.)

मग सुरू झाला तो मुंगीच्या पावलांचा प्रवास. पहिले चार दिवस फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही शाळा सुटल्यावर, संध्याकाळी. मी सोबत जायची. मग फक्त चित्रकलेचा तास. फाटकातून आत नेण्याचं काम शाळेच्या शिपाई मावशींनी अंगावर घेतलं. मुख्याध्यापकांना बाराव्यांदा सांगून जे जमत नव्हतं, ते या मावशींनी एका वाक्यात केलं. "तू माझी घंटा वाजवायला ये," म्हणाल्या. तो घंटा वाजवायला जायला लागला. मग दोन तास, मग अर्धा दिवस. घरी शाळेच्या वेळेत मोबाइल नाही, टीव्ही नाही, पण टोमणेही नाहीत, हा वहिनींचा नियम. यांतला दुसरा भाग सगळ्यांत अवघड गेला, कारण टोमणे मारणाऱ्यांत पाहुणेरावळे होते आणि पाहुण्यांना कोण सांगणार! इंग्रजीच्या सरांनी वर्गात सगळ्यांसमोर त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. माफी वगैरे नाही मागितली, पण नावानं हाक मारली. दिवाळीनंतर तो पूर्ण वेळ जाऊ लागला. मध्ये एकदा, सहामाहीच्या निकालाला, पुन्हा आठ दिवस घसरला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, घसरेल, घाबरू नका.

२०२५ मध्ये तो दहावी झाला, एकसष्ट टक्के. आता आयटीआयला वायरमन करतोय. माझ्या घरचा पंखा त्यानंच दुरुस्त केला. त्याच्या पोटदुखीबद्दल आम्ही दोघंही कधी बोलत नाही. मी मात्र एकदा त्याला म्हटलं, "तुझ्या वडिलांना तो सल्ला मी दिला होता रे." तो स्क्रू पिळत म्हणाला, "माहितीय काकू."

प्रत्येकीला सोलापूर गाठणं जमेल असं नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं स्वस्तात काम होतं. आणि घरबसल्या १४४१६ हा नंबर आहे, टेलि-मानस नावाची सरकारी सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली. फोनला पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मुलानं 'मी नसलोच तर बरं' अशा अर्थाचं काही एकदाही बोललं, तर ते रागातलं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी फोन करा किंवा दवाखाना गाठा. असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं भरेल, ही भीती बाळगू नका. विचारल्यानं मूल मोकळं होतं.

सध्या माझ्याकडे दुसरी एक मुलगी आहे. माझी म्हणजे आमच्या गटातल्या एकीची, दहावीतली. गणपती झाल्यापासून शाळेत गेलेली नाही. सकाळी डोकं दुखतं म्हणते. चार वेळा घरी गेले, तेव्हा फक्त भाजी निवडत माझ्याशेजारी बसली. पाचव्यांदा तिनं स्टँडवरच्या एका टपरीचं नाव घेतलं आणि गप्प झाली. तिच्या आईला अजून ठाऊक नाही. घरात मामाच्या गावच्या एका स्थळाची कुजबुज सुरू झाली आहे. मुख्याध्यापकांनी सोमवारी अकराची वेळ दिली आहे. मुलगी म्हणते, "काकू, फाटकापर्यंत येते, पण स्टँडवरून नको, मागच्या रस्त्यानं जाऊ." मागचा रस्ता अर्धा तास लांबचा आहे. आम्ही दहाला निघणार आहोत.